मनाचा वाफसा

हें वार्षिक हातीं पडतांच प्रत्येक विद्यार्थी पहिल्याप्रथम काय करील, हें सांगावयास ज्योतिषी नको. तो आपल्या वर्गाचें छायाचित्र उघडून त्यांत स्वतःला शोधील. जुन्या काळचे विद्यार्थीहि असेंच करीत. फरक एवढाच कीं, ते "हा पाहा मी" म्हणून तें पान चार जणांस दाखवीत, आणि आजचे कित्येक विद्यार्थी तेंच पान घाईघाईनें उलटतात.

यंदा वर्गाचें छायाचित्र काढावयाच्या दिवशीं माझ्या वर्गांतील एक हुशार मुलगी पोटदुखीचें कारण सांगून घरीं राहिली. पुढें कळलें कीं, पोट दुखत नव्हतें. आपला चेहरा छायाचित्रांत येऊं नये, एवढीच तिची इच्छा होती. आणखी विचारपूस केली तेव्हां असेंहि समजलें कीं, दोन महिने तिचा मधल्या सुटींतला डबा तिच्या मैत्रिणीच संपवीत असत. दुसऱ्या एका वर्गांतला मुलगा दंड भरावे म्हणून कसलीशी भुकटी दुधांतून घेत होता आणि घरीं कोणास त्याचा पत्ता नव्हता. दोघांनाहि मीं विचारलें, "हें तुमच्या डोक्यांत कोणीं भरविलें?" दोघांचें उत्तर एकच होतें : कोणींहि नाहीं, रोज मोबाईलवर पाहतों. त्या दोघांच्या संमतीनें, त्यांचीं नांवें न देतां, हें येथें लिहिलें आहे.

मोबाईल वाईट, असा उपदेश विद्यार्थ्यांनीं पुष्कळ ऐकला आहे व त्याचा त्यांस कंटाळाहि आला आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत उपदेश बाजूस ठेवून एका नेमक्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या समाजमाध्यमांपासून माणूस कांहीं काळ दूर राहिला, तर स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची त्याची दृष्टि सुधारते काय? त्याच्या मनाला स्वास्थ्य लाभतें काय? आणि लाभत असेल, तर अशी विश्रांति घ्यावी तरी कशी?

आरशांत दिसणारें शरीर एक आणि मनांत वसणारें शरीर दुसरें. आपण कसे दिसतों याविषयीं प्रत्येकाच्या मनांत एक चित्र असतें. त्यास देहप्रतिमा म्हणतात. या चित्राशेजारीं दुसरेंहि एक चित्र टांगलेलें असतें, तें आपण कसे दिसावयास हवें याचें. दोन्ही चित्रांत थोडें अंतर असणें स्वाभाविक आहे. परंतु तें फार वाढलें म्हणजे मनुष्य स्वतःचीच लाज बाळगूं लागतो. चार लोकांत जाण्याचें टाळतो, जेवण तोडतो, अभ्यासांत लक्ष लागत नाहीं. म्हणजे हा विषय केवळ नटण्यामुरडण्याचा नव्हे. तो आरोग्याचा व विद्येचा आहे.

हें दुसरें चित्र मनांत येतें कोठून? लिओन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं एक सिद्धान्त मांडला. ज्या गोष्टी मोजावयास फूटपट्टी किंवा तराजू नाहीं, त्या मनुष्य दुसऱ्याशीं ताडून मोजतो, असें त्याचें म्हणणें. आपण किती उंच हें भिंतीवरील खूण सांगते. परंतु आपण सुंदर कीं कुरूप हें कोणती खूण सांगणार? म्हणून आपण शेजाऱ्याकडे पाहतों. पूर्वीं हा शेजारी खराच शेजारी होता. वर्गांतलीं मुलें, आळींतलीं माणसें, आठवड्याच्या बाजारांत भेटणारे लोक यांच्याशींच तुलना होई. आणि त्यांत कोणी ठेंगणा, कोणी उंच, कोणी सांवळा, कोणी गोरा, कोणाचे दांत पुढें, तर कोणाचे कान मोठे अशी सरमिसळ असल्यामुळें आपलेंहि रूप त्यांत सहज सामावून जाई.

तुलनेचा हा परिसर एकदम बदलला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण प्रशांत महासागरांतील फिजी बेटांवर पाहावयास मिळालें. तेथील मूळ रहिवाशांत भरलेलें शरीर हें सुस्थितीचें लक्षण मानीत. नाद्रोगा या भागांत १९९५ सालीं दूरदर्शन आलें. अॅन बेकर या संशोधक बाईंनीं त्याच वर्षीं व पुन्हां १९९८ सालीं तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. आहाराविषयींच्या विकृत वृत्तीचीं लक्षणें पहिल्या पाहणींत शेंकडा १२·७ मुलींत आढळलीं होतीं, तीं तीन वर्षांनंतर शेंकडा २९·२ मुलींत आढळलीं. वजन उतरावें म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी एकहि मुलगी पूर्वीं आढळली नव्हती. नंतर शेंकडा ११·३ आढळल्या. बदललें होतें तें मनांत टांगलेलें चित्र.

आपणांकडेहि असें घडलें नाहीं असें नाहीं. वर्णाचें वेड आपल्या समाजांत जुनें आहे; वर्तमानपत्रांतील वधूवरांच्या जाहिराती "गोरी, सडपातळ" या शब्दांनीं भरलेल्या असत. भारतांत १९७५ सालीं गोरेपणा देण्याचा दावा करणारें एक मलम बाजारांत आलें व घरोघर पोहोंचलें; त्या मलमाच्या नांवांतील गोरेपणाचा शब्द कंपनीनें वगळला तो २०२० सालीं. वास्तविक आपल्या भाषेचा वारसा याहून उदार आहे. ज्या प्रवरेच्या पाण्यावर आपण वाढलों, तिच्याच कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि ज्या वारकरी परंपरेचा ती पाया ठरली, तिचें दैवत सांवळें आहे. शेंकडों वर्षें महाराष्ट्रानें त्या सांवळ्या रूपाचे गोडवे गाइले. तेव्हां गोरेपणाची फूटपट्टी हीच एकमेव फूटपट्टी, असें मानण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, सिनेमा आणि दूरदर्शन यांतहि सुंदर माणसेंच दिसत. मग मोबाईलनें निराळें असें काय केलें? तीन गोष्टी निराळ्या झाल्या आहेत. पहिली अशी कीं, सिनेमांतील नटीशीं खेड्यांतली मुलगी स्वतःची तुलना फारशी करीत नसे. ती दूर होती. समाजमाध्यमांवर मात्र दिसणारी मुलगी आपल्याच वयाची, कदाचित् आपल्याच तालुक्याची असते. तिच्याशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. दुसरी गोष्ट, तें चित्र बहुधा खरें नसतें. चेहऱ्यावरील डाग पुसणें, रंग उजळणें, कंबर बारीक करणें हें सर्व बोटाच्या एका स्पर्शानें होतें, आणि वीस छायाचित्रांतून एक निवडून मगच तें जगापुढें ठेवतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात तें हेंच. पण येथें डोंगर दूर आहे याचीच पाहणाऱ्यास आठवण राहत नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलों याची नोंद तें यंत्र ठेवतें आणि तसलींच चित्रें पुन्हां पुन्हां आणून पुढें ठेवतें. ज्या मुलीला आपल्या रंगाची खंत आहे, ती रंगाच्या चित्रावर थांबते. ती थांबली म्हणून तसलीं आणखी चित्रें येतात. आणि अशा रीतीनें तिची खंतच तिला रोज वाढून दिली जाते.

ही गोष्ट त्या कंपन्यांना अज्ञात होती असेंहि नाहीं. फेसबुक कंपनीचीं अंतर्गत कागदपत्रें २०२१ सालीं फ्रान्सिस हॉगन या तेथील माजी कर्मचारी बाईंनीं उघड केलीं. इन्स्टाग्राममुळें तीनांपैकीं एका किशोरवयीन मुलीचें देहाविषयींचें असमाधान अधिक वाढतें, असें कंपनीच्या स्वतःच्याच पाहणींत नमूद होतें. कंपनीनें खुलासा केला कीं, हें प्रमाण सर्व मुलींचें नसून ज्यांना आधींच असें असमाधान होतें त्यांच्यापैकीं आहे. तो खुलासा मान्य केला, तरी जी आधींच दुःखी आहे तिचेंच दुःख वाढतें, हें समाधान मानण्यासारखें नव्हे.

आमच्या भागांत हा बदल फार थोड्या वर्षांत घडला. २०१६ नंतर मोबाईलवरील माहितीचा खर्च उतरला. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि ज्या मुलांच्या हातीं मोबाईल देऊं नये असें आम्हीं शिक्षक सांगत होतों, त्यांच्याच हातीं तो अभ्यासासाठीं आम्हांस द्यावा लागला. त्याच वर्षीं २९ जून रोजीं सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली. परंतु जुलै महिन्यांतच इन्स्टाग्रामनें भारतांत रील्स सुरू केले. पाटाचें एक दार लावलें, तर पाणी दुसऱ्या दारानें शेतांत शिरलें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. विश्रांति घेतल्यानें खरोखर उपयोग होतो, याला पुरावा काय?

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचीं प्रयोगक्षेत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस प्रयोगाची रीत ठाऊक आहे. एका वाफ्यास खत देतात, शेजारचा वाफा तसाच ठेवतात आणि दोहोंच्या पिकाची तुलना करतात. नुसत्या एका वाफ्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण पीक पावसानेंहि वाढलेलें असूं शकतें. माणसांवरील प्रयोगांतहि हीच पद्धति वापरतात.

कॅनडांतील यॉर्क विद्यापीठांत ६६ विद्यार्थिनींवर असा प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलींनीं एक आठवडा समाजमाध्यमें पूर्णपणें सोडलीं; बाकीच्यांनीं नेहमींप्रमाणें चालू ठेवलीं. आठवडा संपल्यावर, ज्यांनीं विश्रांति घेतली त्यांचें स्वतःच्या शरीराविषयींचें समाधान व आत्मसन्मान हीं दोन्ही दुसऱ्या गटाच्या मानानें वाढलेलीं आढळलीं. विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, बारीक असणें म्हणजेच सुंदर असणें ही कल्पना ज्यांच्या मनांत अधिक खोल रुजली होती, त्यांना लाभहि अधिक झाला.

दुसरा प्रयोग त्याच देशांतील ओटावा येथें झाला व २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १७ ते २५ वयाचे २२० विद्यार्थी होते. चिंता किंवा खिन्नता यांचीं लक्षणें असलेल्या आणि दिवसाला निदान दोन तास समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या तरुणांचीच यासाठीं निवड केली होती. त्यांपैकीं एका गटानें तीन आठवडे हा वेळ दिवसाला एक तासापर्यंत आणण्याचा यत्न केला. पूर्ण संन्यास नाहीं, केवळ मर्यादा; आणि तीहि सर्वांना काटेकोर पाळतां आली नाहीं, तरी वापर सुमारें निम्म्यावर आला. एवढ्यानेंहि आपल्या रूपाविषयीं व वजनाविषयीं त्यांचें मत सुधारलें. दुसऱ्या गटांत फरक पडला नाहीं.

तिसरा प्रयोग अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला. १४३ विद्यार्थ्यांपैकीं एका गटानें फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकीं दहा मिनिटांवर आणला. तीन आठवड्यांनीं त्यांचा एकाकीपणा व खिन्नता कमी झालेली दिसली. येथें एक मौजेची गोष्ट आढळली. चिंता आणि "आपण कशाला तरी मुकतों आहोंत" ही भीति दोन्ही गटांत कमी झाली, म्हणजे ज्यांनीं वापर कमी केला नव्हता त्यांच्यांतहि. प्रयोगासाठीं सर्वांनाच आपल्या वेळेचा हिशेब ठेवावा लागला होता. स्वतःचा हिशेब स्वतः पाहणें हेंहि एक औषधच आहे, असें यावरून दिसतें.

परंतु अभ्यासूनें एकच बाजू पाहूं नये. हे प्रयोग थोड्या माणसांवर, थोड्या दिवसांसाठीं आणि परदेशांतील विद्यापीठांत झाले आहेत. आपली परीक्षा कशासाठीं चालली आहे हें भाग घेणाऱ्यांस ठाऊक असतें आणि त्यामुळें उत्तरांवर परिणाम होऊं शकतो. सर्व प्रयोग एकत्र तोलणाऱ्या कांहीं पंडितांच्या मतें तर एकूण परिणाम अगदीं लहान किंवा शून्यवत् आहे. अमेरिकेंतच २०१८ सालच्या निवडणुकीपूर्वीं अडीच हजारांहून अधिक लोकांवर मोठा प्रयोग झाला. त्यांतील एका गटानें चार आठवडे फेसबुक बंद ठेवलें. त्यांचा रोजचा सुमारें एक तास मोकळा झाला, घरच्या माणसांत व मित्रांत ते अधिक मिसळूं लागले, आणि सुखाची भावना वाढली. पण वाढली ती थोडीच. शिवाय देशांतील घडामोडींचें त्यांचें ज्ञान कमी झालें. म्हणजे या विश्रांतीला किंमतहि द्यावी लागते. दूर राहणाऱ्या भावाची खुशाली, परीक्षेची सूचना, शेतमालाचे भाव हेंहि आज त्याच वाटेनें येतें, हें विसरून चालणार नाहीं.

मग या सर्वांचा मथितार्थ काय? माझ्या समजुतीप्रमाणें असा : विश्रांति हा चमत्कार नव्हे, परंतु ज्याचें मन तुलनेनें पोळलें आहे त्याला तिचा उपयोग अधिक होतो. ज्याला मोबाईलचा त्रासच होत नाहीं त्याला तो सोडून फार लाभ होणार नाहीं. ज्या मुलीनें डबा खाणें सोडलें, तिला मात्र एका आठवड्याची उसंतहि मोलाची ठरूं शकेल.

असें कां व्हावें, हें देवळाली प्रवरा येथील मुलांना समजावून सांगणें कठीण नाहीं. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं या कोरड्या मुलखांत ऊंस उभा केला. पण कालव्याचें पाणी सदासर्वकाळ सोडीत नाहींत. तें आवर्तनानें येतें. पाळी आली कीं शेत भिजवावयाचें, मग पाणी बंद. ज्या काळ्या जमिनीला लोभानें अतोनात पाणी पाजलें, ती चिबड होते, तिच्यावर मीठ फुटतें, आणि जें पाणी तिचें जीवन होतें तेंच तिचा नाश करतें. भिजवल्यानंतर पाणी मुरून जमीन ना चिखल ना कोरडी अशा स्थितीस येते. तिला आपण वाफसा म्हणतों. वाफशांत मातीच्या कणांमध्यें पाणीहि असतें आणि हवाहि असते. मुळें श्वास घेतात तीं तेव्हांच. पेरणी-कोळपणी करावी ती तेव्हांच. मनाचेंहि असेंच आहे. दुसऱ्यांचीं रूपें, दुसऱ्यांचे समारंभ, दुसऱ्यांचीं मतें यांचें पाणी अखंड वाहत राहिलें, तर आपल्या स्वतःच्या विचाराला श्वास घेण्यास जागाच उरत नाहीं. विश्रांति म्हणजे पाण्याचा द्वेष नव्हे; ती वाफशासाठीं दिलेली सवड होय.

या सवडींत देहप्रतिमेला आणखी एक लाभ होतो. डोळ्यांना बाहेरून दिसणारें शरीर कांहीं वेळ बाजूला पडतें आणि काम करणारें शरीर पुन्हां ध्यानांत येतें. खो-खोच्या मैदानावर धांवणाऱ्या मुलीला आपण कशा दिसतों याची आठवण नसते. पाय किती चपळ आहेत हेंच तिला कळतें. शिवाय दिसण्यावरून आरोग्य ठरतें ही समजूतहि खोटी आहे. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉक्टर युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःच्याच शरीरांचें मोजमाप प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि अगदीं सारखा, २२·३ होता. पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची शेंकडा ९·१ व याज्ञिक यांची शेंकडा २१·२ भरली. दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीय माणसांतहि चरबी अधिक असूं शकते, हा याज्ञिकांच्या संशोधनाचा महत्त्वाचा भाग आहे. जें खुद्द डॉक्टरांनाहि मापन केल्यावांचून कळत नाहीं, तें एखाद्या छायाचित्रावरून आपण कसें ठरविणार? बारीक दिसण्यासाठीं उपाशी राहणारा आरोग्य मिळवीत नाहीं. तो केवळ छायाचित्रासाठीं शरीर झिजवतो.

येथवर विचार झाला तो एकट्या माणसाचा. परंतु एकट्यानें विश्रांति घेणें फार अवघड असतें, कारण आपण बाहेर आणि सर्व मित्र आंत, ही जाणीव टोंचत राहते. या अडचणीवर सांगली जिल्ह्यांतील एका गांवानें जो मार्ग काढला, तो अभ्यासण्याजोगा आहे. कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव हें सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. साथीनंतर शाळा सुरू झाल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. आणि घरींहि मोठीं माणसें मोबाईल व दूरदर्शन यांतच गुंतलेलीं असत. तेव्हांचे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें १४ ऑगस्ट २०२२ रोजीं गांवच्या सभेंत निश्चय झाला. दररोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि साडेआठपर्यंत गांवांतील सर्व मोबाईल व दूरदर्शनसंच बंद ठेवावयाचे. स्वातंत्र्यदिनापासून त्यास आरंभ झाला.

आरंभीं कित्येकांनीं ही गोष्ट थट्टेवारी नेली. परंतु आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनीं घरोघर जाऊन हेतु समजावून सांगितला. वॉर्डावॉर्डांत देखरेखीसाठीं मंडळी नेमली. हळूहळू त्या दीड तासांत मुलें अभ्यासाला बसूं लागलीं आणि मोठीं माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं.

या प्रयोगाचा हेतु देहप्रतिमा सुधारणें हा नव्हता आणि तेथें कोणीं ती मोजलीहि नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरीहि त्यांतून तीन गोष्टी आपणांस घेतां येतात. एक, नियम सर्वांना सारखा होता. बाप मोबाईल पाहत बसला आहे आणि मुलाला बंदी आहे, असें नव्हतें. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवानें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्यामागील कळकळ खरी होती. पण मुलांना, मला वाटतें, बंदीपेक्षां सोबत अधिक पटते. दुसरी गोष्ट, वेळ थोडा व ठरलेला होता. कायमचा त्याग मागितला नव्हता. तिसरी, मोकळ्या झालेल्या वेळांत काय करावयाचें हेंहि आधींच ठरलें होतें. रिकाम्या जागीं तणच उगवतें; म्हणून वाफशावर लगेच पेरणी करावी लागते.

सर्वांनीं मिळून ठराविक काळ एखादी गोष्ट वर्ज्य करावी, ही कल्पना आपणांस मुळींच नवी नाहीं. चातुर्मास, रमजान, ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ या प्रथा निरनिराळ्या धर्मांच्या असल्या तरी त्यांतील एक मर्म समान आहे : सारें घर, सारी आळी तेंच करीत असते, म्हणून एकट्याला तें जड जात नाहीं. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास कायद्यानें मनाई केली आहे. कायद्याचें फळ काळ दाखवील. पण घर आणि वर्ग यांना कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गांत हें करून पाहावयाचें असेल, तर पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

आधीं एक आठवडा कांहींहि न सोडतां केवळ वेळ मोजावा. दररोज किती मिनिटें कोठें गेलीं तें वहींत लिहावें. मोबाईल स्वतःच तो हिशेब दाखवितो. त्या शेजारीं, पाहून झाल्यावर मनाला कसें वाटलें, तें एका शब्दांत लिहावें.

दुसऱ्या आठवड्यांत विश्रांति घ्यावी, पण एकट्यानें नव्हे. निदान तीन-चार मित्रांनीं किंवा मैत्रिणींनीं मिळून घ्यावी आणि घरच्यांनाहि त्यांत ओढावें. घरीं सांगतांना वाद घालूं नये. "आई, रात्रीं जेवतांना आपण सगळेच मोबाईल कपाटांत ठेवूं या कां?" एवढें म्हटलें तरी पुरे. अभ्यासाचे निरोप, नातलगांचे फोन हे चालू ठेवावे; सोडावयाचा आहे तो चेहऱ्यांचा बाजार.

मोकळ्या वेळेला काम द्यावें. मैदान, ग्रंथालय, शेतावरील फेरी, पेटी-तबला, धाकट्या भावाचा अभ्यास, कांहींहि चालेल. मात्र त्यांत हातपाय गुंतावे.

आठवडा संपल्यावर समाजमाध्यमांकडे परत जातांना निवड करावी. ज्या खात्याकडे पाहून आपली आपणांस लाज वाटते, तें पाहणें सोडावें. पाणी पुन्हां सोडावें, पण पाळीनें.

आणि एक गोष्ट कळकळीनें सांगतों. ज्यांचें खाणें तुटलें आहे, जे मुद्दाम ओकारी काढतात, अंगांत मांस भरावें म्हणून चोरून औषधें घेतात, किंवा ज्यांना जगणेंच नकोसें वाटतें, त्यांनीं केवळ मोबाईल ठेवून देण्यावर विसंबूं नये. तो आजार आहे, अपराध नव्हे. आईवडिलांस, शिक्षकांस किंवा डॉक्टरांस लगेच सांगावें. सरकारची "टेली-मानस" ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. आणि आपण मित्रांनीं तरी एवढें करावें : "किती जाड झालास", "किती काळी पडलीस" हे थट्टेचे शब्द वर्गांतून हद्दपार करावे. मोबाईल कपाटांत ठेवतां येतो; पण वर्गमित्राच्या तोंडून ऐकलेला टोमणा कोणत्या कपाटांत ठेवावयाचा?

आरंभीं जिचा उल्लेख केला, त्या मुलीनें व तिच्या तीन मैत्रिणींनीं दिवाळीच्या सुटीनंतर असा एक आठवडा पाळला. चमत्कार झाला नाहीं. पहिले दोन दिवस फार चुकल्याचुकल्यासारखें वाटलें, असें ती म्हणाली; चौथ्या दिवशीं तिनें मैत्रिणींबरोबर डबा उघडला. तिच्या आईनें तिला डॉक्टरांकडेहि नेलें आणि तें योग्यच केलें. अजून कधीं कधीं ती आरशासमोर रेंगाळते. पण परवां तिनें मला आपण होऊन विचारलें, "सर, पुढच्या वर्षीं छायाचित्र कधीं काढणार?"

या अंकांतील आमच्या वर्गाच्या छायाचित्रांत दुसऱ्या रांगेत एका मुलीपुरती जागा मोकळी दिसेल. पाहणाऱ्यास ती कदाचित् जाणवणारहि नाहीं. पुढील वर्षींच्या अंकांत ती जागा भरलेली असावी आणि कोणत्याहि वर्गाच्या छायाचित्रांत अशी जागा मोकळी राहूं नये, एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.